सगळे इथंच होते, आत्या

आत्या, तुझ्या खोलीची दुसरी किल्ली हौसाबाईंच्या कमरेला असायची, हे आपल्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. कशासाठी, तेही ठाऊक होतं. प्रभू येईल तेव्हा विश्वासणाऱ्यांना क्षणात वर उचलून घेईल, तू चपाती लाटता लाटता दिसेनाशी होशील आणि मागे गॅस तसाच जळत राहील. त्या गॅससाठी किल्ली. भरे गावात हौसाबाईंची खोली घेतलीस त्याच दिवशी तू त्यांना बजावलं होतंस, "मी एकाएकी दिसंनाशी झाले, तर आत शिरून गॅस बंद करायचा. शेळीला पाणी पाजायचं. आन् मंग निवांत बसून इचार करायचा, ही कुटं गेली आन् मी का ऱ्हायले."

हौसाबाईंच्या देव्हाऱ्यात खंडोबा. त्यांनी किल्ली कमरेला खोचली. तेव्हापासून रोज सकाळी तुला ओट्यावर बघून विचारायच्या, "काय गं मार्था, आजबी ऱ्हायलीस व्हय?"

"तुला एकटीला करमायचं न्हाई म्हून थांबलाय त्यो," तू म्हणायचीस.

सगळे हसायचे. सगळ्यांत जास्त मी हसायचे.

तुला मातीत ठेवलं तेव्हा पाळकसाहेब बोलले. म्हणाले, मार्थाबाई सापडल्या तेव्हा त्यांचे डोळे आकाशाकडे लागलेले होते, वराची वाट पाहणाऱ्या वधूसारखे. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. सगळ्यांना ते ऐकून बरं वाटलं. मला संताप आला. कारण ते खोटं आहे, साफ खोटं. तू आकाशाकडे बघत नव्हतीस. तू वाटेकडे बघत होतीस, कुणी येतंय का म्हणून. मला माहीत आहे, कारण तुला शोधून काढणारी मी होते. तरी मी तिथं बोलले नाही. कुणाचंही खोटं त्याच्या तोंडावर उघडं करणारी म्हणून जी प्रसिद्ध आहे, ती तुझी भाची मूठभर माती टाकून मागे सरकली. पाळकसाहेबांना मी काय सांगणार होते? खरं सांगायचं तर त्यात सगळ्यात आधी माझंच नाव आलं असतं.

म्हणून हे लिहितेय.

आपल्या घरात जगाच्या शेवटाबद्दल तीन मतं होती आणि तिन्ही एकाच शास्त्रातून काढलेली. आजोबा, म्हणजे तुझे दादा, शाळामास्तर. त्यांचं म्हणणं, शाळा वाढतील, दवाखाने वाढतील, माणसं हळूहळू सुधारतील, जग प्रभूच्या राज्याजोगं होईल आणि मग तो येईल. तू म्हणायचीस, "दादांचं जग सुधारायची वाट बघितली तर प्रभूलाच म्हातारपण यील." तुझं मत उलटं. जग बिघडतच जाणार. आधी आपल्याला गुपचूप उचललं जाणार. मग उरलेल्यांवर महासंकट, श्वापदाचं राज्य, त्याची खूण अंगावर नसेल त्याला बाजारात काही मिळणार नाही. मग प्रभू उघड येणार आणि हजार वर्षं राज्य करणार. त्याचा रंगवलेला कापडी तक्ता तुझ्याकडे होता, रविवारच्या शाळेत तू तो खिळ्याला टांगायचीस. महासंकट लाल, हजार वर्षांचं राज्य पिवळं, आणि वरच्या निळ्या पट्ट्यात ढगाकडे निघालेली मुंगीएवढी माणसं. मी त्यांतल्या एकीवर बोट ठेवून म्हणायचे, "ही आत्या."

"आन् ही बारकी?"

"ती मी. तुझा पदर धरलाय."

मोठी झाले आणि पदर सोडला. तरुण संघात नव्यानं वाचायला लागले, तेव्हा मला समजलं की श्वापद म्हणजे त्या काळचा रोमचा बादशहा. ज्यांचा छळ चालला होता त्यांना धीर द्यायला ते सगळं खुणेच्या भाषेत लिहिलं होतं. हजार वर्षं कॅलेंडरवर मोजायची नसतात. आणि अगदी शेवटी देवाची नगरी वरून खाली उतरते, माणसं खालून वर जात नाहीत. देव इथं राहायला येतो. मग आपल्यालाच इथून निघायची एवढी घाई का? मी त्या शिकवणीला 'पळपुटी' म्हणायचे. तुझ्यासमोर म्हणायचे. तू तुझ्या शेळीच्या, तांबडीच्या पाठीवरची गोचीड काढत म्हणायचीस, "पळपुटी तर पळपुटी. मला तरी पळायला कुटंतरी जागा हाय. तुझ्या बादशाला पुरून किती वर्सं झाली? त्याला कशाला उकरतीस?"

पण पत्रक वाटायला मला शिकवलं ते तूच. पौडच्या आठवडे बाजारात, नाताळच्या आधी, तुझ्या पिशवीत सुवार्तेच्या पत्रिका आणि माझ्या फ्रॉकच्या खिशात चारदोन. मी भराभर वाटत सुटायचे, संपवल्याच्या आनंदात. तू माझं मनगट धरलंस. "आदी तोंडाकडं बघ. मंग कागद दे. तोंडाकडं न बघता दिल्याला कागद भज्याखाली जातो." कुणी कागद चुरगळून फेकला तरी तू "बरं हाय, दादा" म्हणून पुढे जायचीस. आज मी सभा घेते, घोषणा देते, अधिकाऱ्याच्या टेबलावर हात आपटते, ते सगळं त्या बाजारात सुरू झालं. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला सांगितलं ते फक्त तुझ्या पत्रिकेत काय चुकीचं छापलंय ते.

भुकूमला वरच्या अंगाला डोंगर फोडून मुरूम ओढ्यात ढकलत होते, तेव्हा मी मंडळीत सह्या मागत फिरले. निम्म्या लोकांनी मला प्रेमानं समजावलं, "पोरी, हे सगळं एक दिवस जळूनच जायचं आहे." त्या निम्म्या लोकांचा राग मी तुझ्यावर काढला, कारण तक्ता तुझा होता. तुझी सही कागदावर सगळ्यात वर होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी विचारलं, "तू कशी काय केलीस सही? तुझ्या मते जळणारच आहे ना?"

"जळंल तवा जळंल. तवर शेरडं पाणी कुटं पितील?"

आणि रेशनचं ते मशीन! कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटून आणि पातेली घासून तुझा अंगठा इतका झिजला होता की मशीन तुला ओळखेना. तू खूश. दुकानदाराला म्हणालीस, "बघा, श्वापदालाच मी नको." मी मात्र पेटले. म्हाताऱ्या बायका गोळा केल्या, फलक रंगवले, दुकानासमोर बसलो. तू श्वापदाच्या खुणेविरुद्ध बसली होतीस, मी हक्कासाठी, हौसाबाई साखरेसाठी. कुणीतरी साहेब आला आणि विचारलं, तुमचं म्हणणं काय? मी चार मुद्दे काढून आणले होते. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "सायेब, आमची तोंडं दिसत्यात न्हवं तुमाला? मंग अंगठा कशाला पायजे?" माझे चारही मुद्दे त्यात होते. त्या दिवशी घरी येताना आपण दोघी रस्ताभर हसलो. शेवटाबद्दल एक अक्षर बोललो नाही. तसे दिवस आणखी का नाही काढले मी तुझ्याबरोबर?

आता त्या आठवड्याचं.

मी नवं पत्रक लिहिलं होतं. शनिवारी पिरंगुटच्या सभागृहात तरुण संघासमोर वाचायचं होतं. नाव दिलं होतं, 'वर काय बघता, शेजारी बघा'. आठवड्याच्या मधल्या एका संध्याकाळी तुला वाचून दाखवायला आले. खरं तर वाचून दाखवायला नाही, हरवायला आले होते. तू पोळपाटासमोर बसून शेवटपर्यंत ऐकलंस.

"तुझं समदं खरं धरलं," तू म्हणालीस. "तरी येक सांग. त्यो येनार हाय का न्हाई?"

"येणार आहे. पण..."

"मंग पण कशाला?"

"पण तुम्ही लोक नुसती वाट बघत बसता, त्याचं काय?"

"बसते? उरवड्याच्या कंपनीत दोन पाळ्यांच्या चपात्या काय तुझ्या रोमच्या बादशानं लाटल्या व्हय?"

तिथं हसायला हवं होतं. हौसाबाई दारात उभ्या होत्या, त्या हसल्या. मला वाटलं, दोघी मिळून माझी थट्टा करताहेत. मी कागद घडी करून पिशवीत कोंबले आणि म्हणाले, "आत्या, वाट बघून बघून म्हातारी झालीस तू. तुला न्यायला कुणी येणार नाहीये."

तू लाटणं थांबवलंस. माझ्या तोंडाकडे बघितलंस, बाजारात शिकवलं होतंस तसं. मग म्हणालीस, "शनवारी जेवायला ये. बोंबलाची चटणी करते. मंग सांगते तुला."

"शनिवारी माझी सभा आहे."

"मंग ऱ्हाऊ दे."

काय सांगणार होतीस, आत्या?

शनिवारी दुपारी सभा ऐन रंगात असताना हौसाबाईंचा फोन आला. मी माईक हातात धरूनच घेतला.

"अगं, तुझी आत्या दिसत न्हाई. दार सताड उघडं. च्या गॅसवर आटून काळा ठिक्कर. चपला दारात. मी गॅस बंद केला, तांबडीला पाणी पाजलं. ती सांगायची बघ, तसंच झालंया समदं. खरंच न्हेली का काय गं तिच्या देवानं?"

"तसं काही नसतं हो, हौसामावशी. दुकानात गेली असेल."

"अनवानी?"

"येईल हो."

फोन ठेवला आणि माईकवर म्हणाले, "ताजी बातमी. आमच्या आत्याचं उड्डाण झालेलं आहे. मी अजून इथंच आहे, त्यावरून माझी अवस्था ओळखा." सभागृह हसून लोटपोट. मग मी पत्रकाचं दुसरं पान वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर 'शेजारी बघा' हा भाग होता.

हौसाबाईंना मी दोष देत नाही. कुणी देऊही नये. तू नेमून दिलेलं काम त्यांनी चोख केलं. माणूस आकाशात गेलं असं वाटल्यावर अंगणात कोण शोधतं? पण मला तसं वाटत नव्हतं. माणूस असं नाहीसं होत नाही, यावर तर माझं अख्खं पत्रक होतं. मग जे माणूस दिसत नाही ते कुठंतरी पडलेलं असणार, हे त्या भरलेल्या सभागृहात एकटीलाच कळायला हवं होतं, मला. आणि चपला! तांबडीसाठी पाला काढायला मागच्या बांधाकडे जाताना तू कंपनीतून आणलेले जुने रबरी बूट घालायचीस. चपला दारातच राहायच्या. कितीदा हसलेय मी त्या बुटांना. फोनवर एवढंच म्हणायचं होतं, "मावशी, दारामागे बूट आहेत का बघा, आणि नसतील तर मागे जा." एवढंच. माझी सगळी विद्या खरी होती आणि ती तुझ्या काडीच्या कामाला आली नाही.

संध्याकाळी आले ती भांडायला आले. मनात वाक्य तयार होतं, 'काय आत्या, परत पाठवलं का?' ओट्यावर हौसाबाई आणि आळीतल्या चार बायका बसल्या होत्या, दबक्या आवाजात बोलत. तांबडी ओरडत होती. तिचं तोंड मागच्या बांधाकडे होतं. दुपारपासून तशीच ओरडतेय, एक बाई म्हणाली. मी दारामागे बघितलं. बूट नव्हते.

बांधाच्या खाली, सुबाभळीच्या पलीकडे तू पडली होतीस. विळा एकीकडे, पाला एकीकडे. अर्धं अंग गेलेलं. चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली. डोळे वाटेवर. मला बघितलंस आणि वाकड्या झालेल्या तोंडातून एकेक शब्द ओढून काढत विचारलंस, "तू बी ऱ्हायलीस?"

मला आधी काही कळलं नाही. मग कळलं, आणि ते कळणं अजून संपलेलं नाही. दुपारभर तू हाका मारल्या असशील, जेवढा आवाज उरला होता तेवढ्यानं. कुणी आलं नाही. हौसाबाई नाही, आळीतलं कुणी नाही, मी नाही. तुझ्या विश्वासाप्रमाणे त्याचा एकच अर्थ निघत होता. प्रभू येऊन गेला. ज्यांना न्यायचं त्यांना घेऊन गेला. आणि तुला ठेवून गेला. जन्मभर गॅसची व्यवस्था लावून तयार राहिलेल्या तुला. बांधाखाली पडून तू स्वतःचं काय काय उकरून काढलं असशील, कुठलं पाप, कुठला खोटा शब्द? आणि त्याच्यावर माझं वाक्य होतंच, तुला न्यायला कुणी येणार नाहीये. मग मी दिसले, तर तुला आनंद झाला नाही. तुला माझ्यासाठी वाईट वाटलं. तक्त्यावरची पदर धरलेली बारकीसुद्धा राहिली.

आणि मी काय बोलले? "ॲम्ब्युलन्स येतेय. बोलू नकोस." तुझ्या प्रत्येक शब्दाला ज्या तोंडाकडे उत्तर तयार असायचं, त्यानं तुला बोलू नकोस म्हटलं. आणि तू ऐकलंस. त्यानंतर तू बोललीच नाहीस.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कधी झालं? मी म्हणाले, नक्की माहीत नाही. लवकर आणलं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तू गेलीस तोवर मी तुझ्या उशाशी होते. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून जायचे. आपण दोघीच असायचो तेव्हा मला दिसत होतं की तुझ्या उघड्या डोळ्यात तो प्रश्न अजून आहे. आणि मी अडले. 'आत्या, असं उचलून वगैरे नेत नाहीत' म्हणावं, तर मरणाऱ्या माणसावर वादात कुरघोडी केल्यासारखं. 'तो येईल, तुला नेईल' म्हणावं, तर मी मानत नाही ते बोलल्यासारखं. मी माझा प्रामाणिकपणा सांभाळत बसले, आत्या. तुझा हात हातात घेऊन माझा प्रामाणिकपणा सांभाळत बसले.

माझ्या पत्रकांचा गठ्ठा अजून तुझ्या माळ्यावर पडलाय. वाटवत नाही. मत बदललं म्हणून नव्हे. मत तेच आहे, तुला फसवणार नाही.

तुझी खोली मी घेतलीय. तांबडी मला अजून शिंगावर घेते. परवा हौसाबाई किल्ली द्यायला आल्या आणि उंबऱ्यातच बसून रडल्या. "मी पाठीमागं का गेले न्हाई गं. गॅस कसला बंद करत बसले."

"तुमचं काही चुकलं नाही. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही."

"त्ये वझं आपुन दोगी मिळून उचलू," त्या म्हणाल्या. "पर आदी मला सांग, ती पोचली का? तुमच्या शास्त्रात काय हाय?"

"त्यावर आमच्यात वाद आहे, मावशी."

"आता बी?" त्यांनी किल्ली पुढे केली.

किल्ली मी घेतली नाही. पुन्हा त्यांच्याच हातात दिली. त्यांनी डोळे पुसले, कमरेला खोचली आणि विचारलं, "आन् तू दिसली न्हाईस तर? काय करायचं?"

"आधी मला शोधायचं. मागे बघायचं, बांधाखाली बघायचं, हाका मारायच्या. गॅस जळेना का."

आणि दवाखान्यात मी तुला सांगायला हवं होतं ते फार लहान होतं, आत्या. त्याला कुठलंच मत लागत नव्हतं, ना तुझं, ना माझं, ना आजोबांचं. त्या दुपारी हौसाबाई पुढच्या ओट्यावर होत्या. पाळकसाहेब पौड रस्त्यावर गाडीचं पंक्चर काढून घेत होते. गायनमंडळातल्या बायका रविवारच्या गाण्यांची तयारी करत होत्या. मी पिरंगुटला होते, माईकसमोर, हसत. सगळे इथंच होते. कुणालाही नेलं नव्हतं आणि तुला कुणी ठेवून गेलं नव्हतं. तू हाका मारत होतीस आणि मी आले नाही, एवढंच झालं होतं.